वाचक विचारतात : आधी प्लेट्स मोजा, मग साल बघा

या वेळचा अख्खा कॉलम एकाच विषयाला दिलाय. जुन्या नॅचरल हिस्ट्रीच्या पुस्तकांबद्दल इतके प्रश्न साठले होते की दर अंकात एक-एक देत बसण्यापेक्षा एकदाच काय ते लिहून टाकावं म्हटलं. लांबलचक प्रश्न कापून छोटे केलेत, राग नसावा. "याचे किती येतील" छापाचे प्रश्न मात्र घेतले नाहीत. फोटोवरून किंमत सांगणाऱ्या माणसाचं तुम्ही ऐकूच नये असं माझं मत आहे, आणि त्यात मीही आलो.

प्रश्न : आमच्या घरी डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' आहे. हिरवं कापडी बाईंडिंग, जॉन मरे लंडन, आत १८७२ साल. नातेवाईक म्हणतात फर्स्ट एडिशन आहे, लिलावात टाका. खरं काय?

फर्स्ट नाही, सहावी आहे. पण लगेच हिरमुसू नका.

पहिली आवृत्ती २४ नोव्हेंबर १८५९ ला आली आणि छापल्या होत्या फक्त १२५० प्रती, त्यामुळे शीर्षकपानावर १८५९ नसेल तर विषय तिथेच संपला. हिरव्या कापडावर जाऊ नका, प्रकाशक मरेने नंतरच्या आवृत्त्याही हिरव्या कापडात बांधल्यात. आणि समजा १८५९ दिसलंच तरी मी आधी २० वं पान उघडेन, वरून अकराव्या ओळीवर बोट ठेवेन. तिथे स्पीशीजच्या स्पेलिंगमध्ये सी नंतर एक जादा ई घुसलाय, ही छपाईची चूक पहिल्या आवृत्तीची ओळखीची खूण झालीय. मग ११७ व्या पानासमोरची घडीची आकृती आहे का बघेन, ती फांद्या फुटत जाणारी, पुस्तकातलं एकमेव चित्र. घडी असल्यामुळे ती फाटते, फाटली की कोणीतरी काढून टाकतं, आणि मग पुस्तक वरून देखणं पण आतून अपुरं.

शीर्षकपानावर अजून एक गोष्ट मिळेल, कितवा हजार आहे ते. १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीवर 'पाचवा हजार' असं छापलंय, कारण पहिल्या १२५० आणि दुसऱ्या ३००० मिळून ४२५० होतात, म्हणजे पाचवा हजार चालू झाला. तुमच्या १८७२ वाल्या प्रतीवर अकरावा हजार असेल तर ती सहाव्या आवृत्तीच्या अगदी सुरुवातीची. आकडा जसा वाढेल तशी नंतरची छपाई.

आता सहावीत काय आहे ते सांगतो म्हणजे नातेवाइकांना उत्तर देता येईल. डार्विनने टीकाकारांना उत्तर द्यायला इथे एक आख्खं नवीन प्रकरण घातलं, मागे शब्दांची सूची आली, नावातलं सुरुवातीचं 'ऑन' गेलं, आणि इव्होल्यूशन हा शब्द या पुस्तकात पहिल्यांदा दिसतो तो याच आवृत्तीत, १८५९ मध्ये तो नव्हताच. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे हर्बर्ट स्पेन्सरचे शब्द, ते आले पाचवीत, १८६९ ला. शेवटच्या वाक्यात 'निर्मात्याने' ही भर पडली दुसरीत. म्हणजे माणूस तेरा वर्षं आपलंच पुस्तक खोडत, जोडत, वाद घालत बसलाय आणि तुमच्याकडे त्या वादाचा शेवटचा मोठा टप्पा आहे. वाचायला मात्र मला १८५९ चा मजकूरच जास्त आवडतो, तो सरळ मुद्द्यावर येतो, नंतरच्या आवृत्त्यांत प्रत्येक परिच्छेदात कुणाला तरी उत्तर देणं चाललेलं असतं. पहिल्या आवृत्तीची जशीच्या तशी नक्कल हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९६४ ला अर्न्स्ट मायरच्या प्रस्तावनेसकट काढली होती, ती शोधा आणि तुमची सहावी शेजारी ठेवून वाचा, मजा येईल. लिलाव कुठे पळून जात नाही.

प्रश्न : ऑनलाइन विकणाऱ्याने 'सर्व प्लेट्ससह, कंप्लीट' असं लिहिलंय. एवढ्यावर घ्यायचं का?

नाही.

या छंदात एक सवय लावून घ्यायची असेल तर ती मोजायची. प्लेट म्हणजे मजकुरापासून वेगळ्या कागदावर छापून पुस्तकात घातलेलं चित्राचं पान. निसर्गाच्या जुन्या पुस्तकांत चित्रं हाच जीव असतो आणि चित्रंच सगळ्यात आधी चोरीला जातात, कापली जातात, फ्रेम होतात. विकणारा प्रामाणिक असला तरी त्याने मोजलेलं असेलच असं नाही, त्याच्याही आधीच्या मालकाने 'कंप्लीट' लिहून ठेवलेलं असतं आणि ते पुढे पुढे चालत येतं.

मोजायचं कसं? पुस्तकात पुढे किंवा मागे चित्रांची यादी असते, तिच्यावर भरवसा ठेवून एक-एक प्लेट, तिचा नंबर आणि ती कोणत्या पानासमोर हवी ते बघत जायचं. यादी नसेल तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर जा, तिथे जुन्या निसर्गग्रंथांची स्कॅन फुकट आहेत, एखाद्या मोठ्या संग्रहातली प्रत उघडून आपली पानं तिच्याशी ताडून बघा. डार्विनसाठी डार्विन ऑनलाइन आहे, तिथे आवृत्त्यांमधले फरकही मिळतात. प्रत हातात असेल तर शिवणीत डोकवा. कापलेल्या पानाचा बारीक पट्टा आत राहिलेला असतो आणि समोरच्या मजकुरावर कधी कधी चित्राची फिकट सावली उतरलेली असते, सावली आहे आणि चित्र नाही म्हणजे काय ते समजा.

पण एक लक्षात ठेवा, सगळ्याच पुस्तकांत प्लेट्स नसतात. थॉमस ब्यूइकचं 'ब्रिटिश बर्ड्स' घ्या, पहिला भाग १७९७, दुसरा १८०४. त्यात पक्षी मजकुराच्याच पानावर छापलेत, कारण तो बॉक्सवुडच्या आडव्या कापलेल्या ठोकळ्यावर कोरायचा आणि तो ठोकळा टाइपाच्या खिळ्यांबरोबर एकाच फर्म्यात बसायचा. तिथे पानं मोजायची. उलट टोक म्हणजे ऑडुबॉनचं 'बर्ड्स ऑफ अमेरिका', १८२७ ते १८३८ मध्ये ८७ हप्त्यांत आलेल्या ४३५ प्लेट्स, आणि मजकूर त्यात नाहीच, तो 'ऑर्निथॉलॉजिकल बायोग्राफी' म्हणून वेगळ्या पाच खंडांत. मजकूर सोबत असता तर कायद्याप्रमाणे लायब्रऱ्यांना फुकट प्रती द्याव्या लागल्या असत्या, म्हणून ही युक्ती. तेव्हा 'मजकूर नाही, अपूर्ण आहे' असं त्या पुस्तकाबद्दल म्हणून चालत नाही.

आणि लिलावाच्या कॅटलॉगमध्ये 'सर्व दोषांसह' असा शेरा असेल तर समजायचं की नंतर तक्रार ऐकली जाणार नाही. तो शेरा बारीक अक्षरात असतो, का ते मी सांगायला नको.

प्रश्न : आजोबांच्या वेळचं फ्रेम केलेलं पक्ष्याचं रंगीत चित्र आहे, खाली गूल्ड असं लिहिलंय. हाताने रंगवलेलं खरं आहे की नंतर छापलेलं, घरच्या घरी कसं ओळखायचं?

गूल्ड म्हणजे जॉन गूल्ड, एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांचे मोठे सचित्र ग्रंथ काढणारा इंग्रज. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळवाले आणि दागिनेवाले वापरतात ते. चित्राच्या एखाद्या सपाट रंगाच्या भागावर, म्हणजे पोटावर किंवा आकाशावर, ते टेकवा आणि डोळा अगदी जवळ न्या.

एका ओळीत, एकसारख्या अंतरावर, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ठिपके दिसले की प्रश्न सुटला, ती आधुनिक छपाई आहे, गूल्डच्या काळात असं काही नव्हतं. ठिपके वेडेवाकडे, वेगवेगळ्या रंगांचे, एकमेकांवर चढलेले आणि कडेला रंग थोडासा सरकलेला दिसला तर क्रोमोलिथोग्राफ, म्हणजे दगडावरून एकेक रंग चढवत छापलेलं चित्र, असायची शक्यता जास्त, तेही जुनं असू शकतं पण हाताने रंगवलेलं नाही. आणि जर खाली दगडावर खडूने काढल्यासारखी दाणेदार काळी रेघ दिसली, वर रंग पातळ पाण्यासारखा पसरलेला, कुठे रेघेच्या बाहेर किंचित गेलेला, कुठे ब्रशचा थेंब जिथे थांबला तिथे कडा गडद झालेली, तर मात्र खुर्ची ओढून नीट बसा. पक्ष्याच्या डोळ्याकडे तिरप्या उजेडात बघा, गोंदाचा चकाकता ठिपका असेल तर अजून एक चांगली खूण.

गूल्डची चित्रं दगडावरची म्हणजे लिथोग्राफ, त्यामुळे कागदावर तांब्याच्या पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन नसतो. ऑडुबॉनच्या मोठ्या चित्रांत तो असायला हवा, कारण ती हॅवेल या कारागिराने तांब्यावर कोरली होती, आणि कागद उजेडासमोर धरला की जे व्हॉटमन हा कागद बनवणाऱ्याचा वॉटरमार्क आणि साल दिसायला हवं. फ्रेमसाठी कागद कापलेला असेल तर दोन्ही खुणा गेलेल्या असू शकतात, हे आलंच. ऑडुबॉनची मूळ मापाची नक्कल १९७०च्या दशकात ॲमस्टरडॅमला २५० प्रतींची छापलीय, ती भिंतीवर लांबून भल्याभल्यांना फसवते, भिंगाखाली नाही.

गूल्डच्या हमिंगबर्डवाल्या ग्रंथातलं पान असेल, १८४९ ते १८६१ मधलं, तर गळ्याच्या चमकत्या पिसांखाली खरा सोन्याचा वर्ख आणि त्यावर पारदर्शक रंग असतो. चित्र हळूच तिरकं करा, चमक हलते. आधुनिक छपाईत ती कधीच हलत नाही.

आता जरा मनातलं. हे पान एखाद्या पुस्तकातून कापलेलं आहे. कोणी कापलं ते आज कळणार नाही, तुमच्या आजोबांनी तर नक्कीच नाही, पण पुस्तकं फोडून पानं सुटी विकायचा धंदा आजही जोरात चालतो कारण चाळीस चित्रं सुटी विकली की पूर्ण पुस्तकापेक्षा जास्त पैसे सुटतात. आधीच तुटलेल्या, पानं गेलेल्या खंडाचं पान विकत घेतलं तर मी काही बोलणार नाही. धडधाकट पुस्तक फोडणाऱ्याकडून मात्र घेऊ नका. आणि आहे ते चित्र उन्हाच्या भिंतीवरून काढा, काचेला कागद चिकटू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे जाड कागदाची चौकट, घाला, मागे लाकडी फळी असेल तर ती बदला, लाकडातलं ॲसिड कागदात उतरतं आणि मागून तपकिरी पट्टे येतात.

प्रश्न : पानांवर तपकिरी ठिपके आलेत. ब्लीचने जातात असं व्हिडिओत बघितलं. करू का?

नका करू. ठिपके ओलाव्याने येतात, त्यात बुरशीचा हात असतो आणि कागदातल्या लोखंडाच्या कणांचाही, आणि ब्लीच ठिपक्यांबरोबर कागदाचा जीवही घेतं, हाताने दिलेले रंग तर धुऊनच निघतात. ऊन दाखवणं, सेलोटेप, लॅमिनेशन, हे तिन्ही पण नको. सेलोटेप काही वर्षांनी पिवळा पडून सुटतो आणि गोंद मात्र कागदात कायमचा. पुस्तक कोरड्या, हवेशीर, अंधाऱ्या कपाटात ठेवा, भिंतीला चिकटवून नाही, दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला तर ठिपके वाढत नाहीत आणि कसरही कमी लागते. मोठे जड खंड आडवे ठेवा, उभे ठेवले की आतली पानं स्वतःच्या वजनाने शिवणीतून खाली लोंबतात.

गंमत म्हणजे १७५० चा कागद बऱ्याचदा १९०० च्या कागदापेक्षा पांढरा आणि दणकट असतो. आधी कागद चिंध्यांचा व्हायचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला आणि तो आतूनच जळत जातो. तेव्हा 'फार जुनं आहे, हात लावायला भीती वाटते' हे उलटं आहे, भीती नव्याचीच जास्त बाळगा.

प्रश्न : हिरव्या बाईंडिंगची जुनी पुस्तकं विषारी असतात म्हणे?

काही असतात, हो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कापड रंगवायला एमरल्ड ग्रीन नावाचा तांबं आणि आर्सेनिकचा झगझगीत हिरवा रंग वापरला जायचा. अमेरिकेतलं विंटरथर म्युझियम २०१९ पासून अशी पुस्तकं शोधून यादी करतंय. प्रत्येक हिरवं पुस्तक तसं नसतं, पण १८४०च्या दशकापासून १८६०च्या दशकापर्यंतचं, पोपटी-हिरवं आणि हाताला रंग लागणारं कापड असेल तर हातमोजे घालून हाताळा, झिपच्या पिशवीत ठेवा, पानं उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय सोडा (ती तशीही सोडा) आणि लहान मुलांपासून लांब. घाबरून फेकून देऊ नका.

प्रश्न : दादा, मी कॉलेजला आहे, पैसे जवळपास नाहीत, पण जुनी निसर्गपुस्तकं जमवायचीच आहेत. सुरुवात कशी करू?

छान. पैसे नाहीत हे बरंच आहे, नाहीतर पहिल्याच वर्षी चार महागडी, एकमेकांशी संबंध नसलेली पुस्तकं घेऊन बसला असतास.

आधी विषय लहान कर. 'निसर्ग' हा विषय नाही, 'पक्षी' पण नाही. एक प्रदेश घे, एक प्राणी घे, नाहीतर एकच पुस्तक घे. मला विचारशील तर एकच पुस्तक घे आणि त्याच्या आवृत्त्या जमव, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त शिकवणारा रस्ता आहे. गिल्बर्ट व्हाइटचं सेलबोर्न या इंग्लंडमधल्या गावावरचं पुस्तक यासाठीच जन्माला आलंय असं वाटतं. १७८९ ची पहिली आवृत्ती त्याच्याच भावाने, बेंजामिन व्हाइटने प्रसिद्ध केली, ती तुझ्या माझ्या आवाक्यात येणार नाही. पण नंतर ते पुस्तक छापायचं थांबलंच नाही, प्रत्येक पिढीने नव्या प्रस्तावनेसह, नव्या चित्रांसह काढलं, शाळेसाठी, खिशात मावेल असं, भेट द्यायला, टिपांनी भरलेलं. एका गावातल्या पाद्र्याची पक्षी, गांडुळं आणि एका कासवाबद्दलची पत्रं, बस एवढंच त्यात. त्या कासवाचं नाव टिमोथी, ते निघालं मादी, आणि त्याची पाठ लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. पन्नास आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्यास तर दोनशे वर्षांत लोकांना निसर्गातून काय हवं होतं ते आपोआप दिसायला लागतं. असा संग्रह कुठल्याही श्रीमंत माणसाच्या एका फर्स्ट एडिशनपेक्षा मला मोठा वाटतो.

दुसरं, 'पहिलीच आवृत्ती' हा हट्ट समजून घे आणि मग कर. कधी तो योग्य असतो. बेट्सचं अमेझॉनवरचं पुस्तक बघ, १८६३ ला दोन खंडांत आलं, १८६४ ला एका खंडात कापून काढलं आणि पुढे बहुतेकांनी तेच कापलेलं छापलं. तिथे पूर्ण मजकूर हवा तर १८६३ चा, किंवा त्यावरून पुन्हा छापलेला शोधावा लागतो. कधी हट्ट चुकीचा असतो, कारण नंतरच्या आवृत्तीत लेखकाने चुका दुरुस्त केलेल्या असतात, चित्रं वाढवलेली असतात. ऑडुबॉनचंच घे, त्याने १८४० ते १८४४ मध्ये सात लहान खंडांची आवृत्ती काढली, त्यात ५०० चित्रं आहेत, मोठ्या ग्रंथापेक्षा ६५ जास्त, आणि मजकूर चित्रांसोबत. ती टेबलावर उघडता येते, मोठी उघडायला दोन माणसं लागतात.

तिसरं, संच तुटलेले घे. एकटा राहिलेला तिसरा खंड कोणाला नको असतो म्हणून तो स्वस्त मिळतो, आणि वाचायला तो तेवढाच पूर्ण असतो. पुठ्ठा निखळलेलं पण आतून पूर्ण पुस्तक, हे देखण्या पण चार प्लेट्स गेलेल्या पुस्तकापेक्षा दहादा चांगलं. बाईंडिंग पुन्हा करता येतं, प्लेट नाही आणता येत.

चौथं, स्कॅनवरून मागणीप्रमाणे छापलेल्या कॉप्या टाळ. घडीचे नकाशे घडी न उघडताच स्कॅन केलेले असतात, रंगीत चित्रं काळी पडतात आणि मधेच कुणाचा तरी अंगठा दिसतो. त्यापेक्षा फुकट स्कॅन स्क्रीनवर वाच.

आणि जुनं म्हणजे मागणी असलेलं, हे डोक्यातून काढ. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने १६८६ ला विलबीचा माशांवरचा मोठा ग्रंथ छापला, चित्रं उत्तम, खर्च अफाट, आणि खपला नाही. तिजोरी इतकी रिकामी झाली की पुढच्या वर्षी न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'चा खर्च खगोलशास्त्रज्ञ हॅलीने स्वतःच्या खिशातून केला, आणि त्याच हॅलीला सोसायटीने पगाराऐवजी न खपलेली माशांची पुस्तकं देऊ केली. न खपणारी पुस्तकं तेव्हाही होती, आजही आहेत, तुझ्यासारख्याने तिथेच हात घालावा.

प्रश्न : एका जुन्या पुस्तकावर लायब्ररीचा शिक्का आहे. घेऊ की नको?

शिक्क्याच्या वर किंवा शेजारी 'रद्द', 'विथड्रॉन' असा दुसरा शिक्का असेल तर लायब्ररीने ते रीतसर काढलेलं आहे, घ्या. तो नसेल तर त्या लायब्ररीला ईमेल करून विचारा, बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं. शिक्का खरवडलेला, कोपरा कापलेला, केमिकलने पुसलेला दिसला तर हात लावू नका, चांगल्या हेतूने कोणी शिक्का खरवडत नाही. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयलॅब, ती हरवलेल्या पुस्तकांची नोंदवही ऑनलाइन ठेवते, त्यात नाव टाकून बघा.

हे अति वाटत असेल तर सांगतो. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत केंटकीमधल्या ट्रान्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून कॉलेजच्या पोरांनी ग्रंथपालबाईंना बांधून दुर्मिळ पुस्तकं पळवली, त्यात 'ओरिजिन'ची पहिली आवृत्ती होती. ऑडुबॉनचे मोठे खंड त्यांना उचलवले नाहीत, ते तिथेच टाकून पळाले. मग न्यूयॉर्कमध्ये एका लिलावगृहाकडे पुस्तकं दाखवायला गेले आणि त्यातूनच पुढे पकडले गेले. डार्विनच्या दोन वह्या, ज्यातल्या एकीत ते प्रसिद्ध झाडाचं चित्र आहे, त्या केंब्रिज युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून वीसेक वर्षं गायब होत्या आणि २०२२ ला कोणीतरी गुलाबी गिफ्टच्या पिशवीत परत ठेवून गेलं. चोरीचं पुस्तक विकता येत नाही, उघडपणे दाखवता येत नाही, मग ते घेऊन करायचं काय.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मला फक्त स्त्रियांनी केलेली निसर्गपुस्तकं जमवायची आहेत. अशी पुरेशी आहेत का?

बाई, पुरून उरतील एवढी आहेत, फक्त बऱ्याचदा मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचं असतं.

मारिया सिबिला मेरिआन १६९९ मध्ये पन्नाशी उलटल्यावर मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, सुरवंट, त्यांची झाडं आणि त्यातून निघणारी फुलपाखरं जागेवर बघून काढली, आणि १७०५ ला ॲमस्टरडॅमला ६० प्लेट्सचा ग्रंथ स्वतः प्रसिद्ध केला. ती गेल्यावर १७१९ च्या आवृत्तीत प्लेट्स ७२ झाल्या, तेव्हा कोणती प्रत आहे ते बघून मग मोजा. तिच्या काही प्रतींत चित्रं उलटी आणि फिकट दिसतात, तो दोष नाही, ओल्या छापावर दुसरा कागद दाबून घेतलेला तो छाप आहे, त्यात पत्र्याच्या कडेची खूण नसते आणि रंगवल्यावर तो अगदी हाताने काढल्यासारखा वाटतो. जाणकार त्यासाठी जास्त धडपडतात.

एलिझाबेथ ब्लॅकवेलचा नवरा कर्जापायी तुरुंगात होता. तिने लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनजवळ राहून औषधी वनस्पतींची ५०० चित्रं काढली, स्वतः तांब्यावर कोरली, स्वतः रंगवली, आठवड्याला चार अशी हप्त्याहप्त्याने १७३७ पासून दोन-अडीच वर्षं छापली आणि त्या पैशातून त्याला सोडवलं. तो पुढे स्वीडनला जाऊन राजकारणात पडला आणि १७४७ ला त्याचं डोकं उडवलं गेलं, पण ती गोष्ट त्याची, पुस्तक हिचं.

ॲना ॲटकिन्सने १८४३ पासून समुद्री शेवाळांचे सायनोटाइप, म्हणजे उन्हात कागदावर उमटवलेले निळे छाप, स्वतः काढून पुस्तक बांधलं, फोटोग्राफीने चित्रं दिलेलं पहिलं पुस्तक ते हेच मानतात. मूळ प्रती हाताच्या बोटांवर नाही तरी फार थोड्या, त्यातल्या कोणत्याही दोन एकसारख्या नाहीत, तुम्ही नक्कल घ्या. आणि गूल्डच्या सुरुवातीच्या ग्रंथांत, हिमालयातल्या पक्ष्यांच्या ८० प्लेट्सपासून, दगडावर चित्र उतरवणारा हात त्याच्या बायकोचा, एलिझाबेथचा आहे. ती १८४१ ला गेली. बऱ्याच प्लेट्सच्या खाली बारीक अक्षरात जे आणि ई अशी दोन्ही आद्याक्षरं दिसतात, काहींवर एकटी ई, तुमचा संग्रह त्या ई पासून सुरू करायला हरकत नाही. सुटं पान घेतलंत तर ती खालची ओळ कापलेली नाही ना, एवढं बघा.

प्रश्न : जुन्या निसर्गग्रंथांत आपल्या लिपीतलं काही आहे का?

आहे, आणि फार जुनं आहे. 'होर्तुस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींवरचा लॅटिन ग्रंथ, डच अधिकारी व्हान रेडे याने करवून घेतलेला, १२ खंड, ॲमस्टरडॅम, १६७८ ते १६९३. चित्रांवर झाडांची नावं वेगवेगळ्या लिप्यांत कोरलीत, त्यात नागरीही आहे. आणि पहिल्या खंडात सुरुवातीलाच रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघांचं निवेदन नागरी अक्षरांत, कोकणी भाषेत छापलंय, की ही माहिती आम्ही दिली. शेजारी इट्टी अच्युतन या वैद्याचं त्याच्या लिपीतलं. तांब्यावर कोरणाऱ्या डच कारागिराला ती अक्षरं वाचता येत नसणार, त्याने ती चित्र काढावं तशी उतरवलीत, म्हणून काही वळणं बघताना मान वाकडी करावी लागते.

पूर्ण बारा खंड एकत्र मिळणं फार अवघड आहे, सुटा खंड मिळाला तर आधी नीट तपासा, प्लेट्स मोठ्या आणि दुमडलेल्या असतात, घडीवर फाटतात आणि त्यातली देखणी झाडं आधी जातात. के. एस. मणिलाल यांनी आयुष्य घालवून या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं, ते २००३ ला आलं, मल्याळम २००८ ला. मूळ ग्रंथाचं स्कॅन ऑनलाइन आहे, पहिला खंड उघडा आणि सुरुवातीची पानं सावकाश बघत जा, ते निवेदन झाडांच्या आधीच येतं.